मधला दर

निघायच्या आदल्या रात्री मावशीने वहीच्या पहिल्या पानावर तीन आकडे उतरवून घेतले. एका युरोला २४.७० चेक कोरुना, ४.२६ पोलिश झ्लोटी, ३८६ हंगेरियन फोरिंट. २०२४ च्या मे महिन्याचा चौथा आठवडा. मी नोकरीनिमित्त युरोच्या देशात राहते, मावशी माझ्याकडे आली होती आणि आम्ही दोघी प्राग, क्राकूव, बुडापेस्ट करत व्हिएन्नापर्यंत जाणार होतो.

हे आकडे मी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावरून दिले होते. कामाच्या प्रत्येक दिवशी दुपारी चारच्या सुमारास तिथे नवे दर येतात. मावशीने लगेच विचारलं, "म्हणजे एवढे मिळणार?" नाही. हा बाजारातला मधला दर. बँका मोठ्या रकमा एकमेकींना ज्या भावाने विकतात आणि ज्या भावाने घेतात, त्यांच्या मधोमधचा. खिडकीवर आपल्याला तो मिळत नाही, पण समोरचा आपल्याकडून किती काढून घेतोय हे मोजायला हीच एक पट्टी आहे. ती सोबत नसेल तर २२ चा दरही चांगला वाटतो आणि २० चाही.

बुधवार, प्राग

एल्बे नदीच्या काठाने येणारी गाडी दुपारच्या आत प्रागला पोचली. सामान स्टेशनवरच ठेवलं. ट्रामचं तिकीट ट्राममधल्याच मशीनला कार्ड टेकवून काढता येतं, त्यामुळे पहिल्या तासात रोख पैशांची गरजच पडली नाही. परक्या शहरात पहिला तास असाच काढावा असं माझं ठाम मत आहे, कारण विमानतळ आणि स्टेशन इथे आपण अडलेले असतो आणि दर लावणाऱ्याला ते ठाऊक असतं.

जुन्या चौकात मी घड्याळाच्या मनोऱ्याच्या तिकिटांसाठी रांगेत उभी राहिले. मावशी म्हणाली, "मी जरा इथेच फिरते." वीस मिनिटांनी ती परत आली ती खूश होऊन. पर्समधून नोटा काढून दाखवल्या. पालात्स्कीचं चित्र असलेल्या हजाराच्या चार आणि खाली चिल्लर. दोनशे युरो दिले होते, ४,०८० कोरुना मिळाले होते.

मी वही मागितली. दोनशे गुणिले २४.७०, म्हणजे ४,९४०. आठशे साठ कोरुना कमी. जवळजवळ पस्तीस युरो, दर शंभराला सतरा.

"पण तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कमिशन नाही म्हणून," मावशी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मला स्वतःचाच राग आला. पट्टी हातात दिली आणि ती लावायची कशी हे सांगायचं राहून गेलं. कमिशन खरंच नव्हतं. जे घ्यायचं ते दरातच घेतलं होतं, २४.७० च्या जागी २०.४० लावून. फलकावर दोन रकाने असतात, ते घेतात तो भाव आणि ते विकतात तो भाव. आपण युरो देतो तेव्हा ते युरो विकत घेत असतात, म्हणून आपल्या कामाचा रकाना त्यांच्या खरेदीचा, आणि दोन्हींत तो आकडा कमी असतो. चेकमध्ये त्याला 'नाकुप' म्हणतात, विक्रीला 'प्रोदेय'. घाईत नजर मोठ्या आकड्यावर जाते.

सुदैवाने मावशीने पावती टाकली नव्हती. वेळ छापलेली होती, ११.४२. माझ्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. चेक प्रजासत्ताकात १ एप्रिल २०१९ पासून कायदा आहे की हजार युरोपर्यंतचा असा व्यवहार गिऱ्हाईक तीन तासांच्या आत रद्द करू शकतं. कारण द्यावं लागत नाही. फक्त पावती दाखवायची आणि मिळालेली रक्कम जशीच्या तशी परत करायची.

मावशी यायला तयार नव्हती. "आपणच नीट पाहिलं नाही. आता कशाला भांडायला जायचं?"

"मावशी, हे भांडण नाही. तुझा हक्क आहे तो."

खिडकीतल्या माणसाने पावती बघितली, आम्हाला बघितलं, आणि आधी मान हलवली. मी पावतीवरच्या वेळेवर बोट ठेवलं आणि इंग्रजीत शांतपणे म्हटलं, तीन तास झालेले नाहीत. पुन्हा म्हटलं. मग त्याने कोरुना मोजले, एक कागद छापला, मावशीची सही घेतली आणि पन्नासाच्या चार नोटा पन्हळीतून पुढे सरकवल्या. मावशीने त्या दोनदा मोजल्या. ती काही बोलली नाही, पण चालताना तिने माझा दंड घट्ट धरला होता.

चौकापासून दोन गल्ल्या आत २४.५० चा फलक दिसला. तिथे मी तिलाच पुढे केलं. आधी विचारायचं, "दोनशे युरो दिले तर हातात नक्की किती कोरुना?" आणि आकडा कागदावर लिहून घ्यायचा, नोटा नंतर काढायच्या. ४,९०० मिळाले. मधल्या दरापासून चाळीस कोरुनांचं अंतर, दीड युरोच्या थोडं वर. त्यांचं दुकान चालायला एवढं हवंच, आणि ते द्यायला मला कधीच जड वाटत नाही.

संध्याकाळी एका बोळात एकाने हळूच विचारलं, युरो बदलायचेत का, दर चांगला देतो. चाल मोडली नाही. प्रागमध्ये रस्त्यावरच्या अशा व्यवहारांत कोरुनांऐवजी बेलारूसचे किंवा चलनातून गेलेले बल्गेरियाचे कागद हातात पडल्याच्या गोष्टी जुन्या आहेत. तिथे पावतीही नसते आणि तीन तासही.

गुरुवार, प्राग

किल्ला, पूल, पुन्हा पूल. चालून पाय दुखले आणि दिवस फार सुंदर गेला. पैशांचा प्रसंग एकच घडला, पण तो नीट सांगते, कारण माझ्या ओळखीतली हुशार माणसंही इथे फसतात.

मला तीन हजार कोरुना काढायचे होते. पुलाजवळच्या भिंतीत एक एटीएम होतं, बँकेचं नव्हे, नुसतंच उभं. कार्ड घातलं, रक्कम टाकली. मग पडदा आला. तुमच्या खात्यातून १३६.३६ युरो जातील, दर २२.००, हा दर पक्का. खाली दोन बटणं. एक ठळक हिरवं, 'रूपांतर स्वीकारा'. दुसरं फिकट, 'रूपांतर नाकारा'. मावशी खांद्यावरून बघत होती. "नाकारा दाबलंस तर पैसे येणार नाहीत ना?"

येतात. नकार फक्त मशीनने लावलेल्या दराला असतो. पैसे काढायला नकार दिलेला नसतो. नाकारलं की व्यवहार कोरुनांतच आपल्या बँकेकडे जातो आणि युरोचा हिशेब व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या त्या दिवसाच्या दराने होतो. हे दर त्यांच्या संकेतस्थळांवर कुणालाही बघता येतात आणि मधल्या दराच्या अगदी जवळ असतात. त्यावर आपली बँक काही टक्के लावते का, एवढं निघण्याआधी विचारून ठेवायचं. तीन हजारांचे मधल्या दराने १२१ युरो ४६ सेंट होतात. हिरवं बटण दाबलं असतं तर पंधरा युरो गेले असते, फक्त रंग बघून.

पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत टक्केवारीही होती. एप्रिल २०२० पासून युरोपीय संघात नियम आहे की असं रूपांतर देताना युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा आपण किती टक्के जास्त लावतो ते दाखवावंच लागतं. म्हणजे पट्टी आता मशीनच्या पडद्यावरच आहे. वाचायला मात्र थांबावं लागतं, आणि मागे रांग असली की आपण थांबत नाही. थांबा. रांग थांबते.

त्या मशीनचं स्वतःचं वापरशुल्कही बरंच दिसलं, म्हणून मी व्यवहारच रद्द केला आणि दहा मिनिटं चालून एका बँकेच्या शाखेतल्या मशीनमधून डेबिट कार्डाने पैसे काढले. क्रेडिट कार्डाने रोख काढली की बहुतेक बँका त्याच दिवसापासून व्याज लावतात, म्हणून ते कार्ड मी एटीएमच्या जवळही नेत नाही.

शुक्रवार, प्राग ते क्राकूव

सकाळी हॉटेल सोडताना उरलेले तेराशे कोरुना बिलात रोख दिले आणि बाकीचं कार्डावर. ही साधी युक्ती मला फार उपयोगी पडली आहे. कोरुना पुढे नेऊन त्यांचे झ्लोटी केले असते तर कात्री दोनदा लागली असती, एकदा कोरुना विकताना आणि एकदा झ्लोटी घेताना.

ओस्त्रावामार्गे जाणारी गाडी लांबची. मावशीने विचारलं, "दर वाढेपर्यंत थांबलं तर? पोलंडमध्ये दोन दिवस आहोतच की." मी तिला १५ जानेवारी २०१५ ची गोष्ट सांगितली. त्याआधी तीन वर्षांहून अधिक काळ स्विस मध्यवर्ती बँकेने युरोला १.२० फ्रँकच्या खाली जाऊ दिलं नव्हतं. त्या गुरुवारी सकाळी तिने तो आधार अचानक काढला आणि काही मिनिटांत फ्रँक प्रचंड उसळला. दर बघणं हाच ज्यांचा व्यवसाय होता त्यांचीही त्यात वाताहत झाली. उद्याचा दर आपल्या हातात नाही. आज मधल्या दरापासून किती लांब उभं राहायचं, एवढं मात्र पुष्कळसं आपल्या हातात असतं.

मग मी तिला ती गोष्ट सांगितली जी मी घरात कुणालाच सांगितली नव्हती. परदेशात राहायला आले तेव्हा पहिलं वर्षभर मी दर महिन्याला हजार युरो बँकेतून परक्या चलनात पाठवत होते. पावतीवर 'शुल्क शून्य' असं असायचं आणि मला बँकेबद्दल कृतज्ञता वाटायची. वर्षाने एका सहकाऱ्याने त्या दिवसाचा मधला दर उघडून माझ्या पावतीशेजारी ठेवला. अडीच टक्क्यांचं अंतर. महिन्याला पंचवीस युरो, वर्षाला तीनशे. प्रागच्या खिडकीवर मावशीचे पस्तीस जाणार होते. माझे तीनशे गेले, आणि कुठल्याही कायद्याने ते परत येणार नव्हते. तेव्हापासून मी शुल्क किती हा प्रश्न विचारत नाही. एवढे युरो दिले तर पलीकडच्या खात्यात नक्की किती पडतील, हा एकच प्रश्न विचारते, एकाच तासात तीन ठिकाणी. शुल्क घेऊन चांगला दर देणारा पुष्कळदा स्वस्त पडतो, कारण शून्याचा खर्च दुसरीकडून काढलेला असतो.

मावशी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तेव्हा सांगायचंस ना."

क्राकूवला पोचल्यावर आधी 'कान्तोर' गाठलं. पोलंडमध्ये चलन बदलण्याच्या दुकानांना हेच नाव, आणि मोठ्या शहरांत ती इतकी आहेत की एकमेकांच्या धाकाने दर सरळ राहतात. स्टेशनातल्या दुकानाचा भाव वाईट होता. मुख्य चौकाकडे जाताना 'स्कुप ४.२३, स्प्शेदाश ४.२८' असा फलक दिसला. स्कुप म्हणजे ते घेतात तो भाव. दोन रकान्यांत फक्त पाच ग्रोशांचं अंतर, ग्रोश म्हणजे झ्लोटीचा शंभरावा भाग. हे अंतर जितकं अरुंद तितकं दुकान चांगलं, आणि ते बघायला भाषा लागत नाही. तीनशे युरो दिले, १,२६९ झ्लोटी मिळाले. या वेळी फलक मावशीने वाचला, आकडा मावशीने विचारला, मी बाजूला उभी होते.

शनिवार, क्राकूव

सकाळी त्याच दुकानावरून गेलो तर फलकावर ४.२० आणि ४.३१. मावशी थबकली. एका रात्रीत काय झालं? बाजार बंद झाला. चलनांचा जागतिक बाजार शुक्रवारी संध्याकाळी न्यूयॉर्कबरोबर मिटतो आणि रविवारी रात्री उघडतो. मधल्या दोन दिवसांत काही घडलं तर सोमवारी दर कुठे असेल सांगता येत नाही, म्हणून दुकानदार दोन्ही बाजूंनी हात राखून बसतो. काही मोबाइल खाती आणि कार्डंही शनिवार-रविवारी दरावर अधिक आकार लावतात, म्हणून खात्यातली अदलाबदल मी शुक्रवारी दुपारीच उरकते.

बाकी दिवस वावेल टेकडीवर गेला. तासाच्या ठोक्याला सेंट मेरीच्या मनोऱ्यातून तुतारी वाजली आणि सूर मध्येच तुटला. मावशीने त्याची नोंद खर्चाच्या पानावरच केली.

रविवार, क्राकूव ते बुडापेस्ट

हॉटेलचं बिल ८४० झ्लोटी. स्वागतकक्षातल्या मुलीने कार्ड परदेशी बघून मला न विचारताच मशीनवर युरो निवडलं. पावतीवर २०६.९० युरो. दर ४.०६. ती मदतच करत होती, तिच्या वागण्यात काही वावगं नव्हतं. मी म्हटलं, हा व्यवहार रद्द करून कृपया झ्लोटीत घ्या. तिने केलं, दोन मिनिटं लागली. मधल्या दराने १९७ च्या आसपास होतात, म्हणजे पावणेदहा युरो वाचले. दुकान, हॉटेल, एटीएम कुठेही असो, कार्ड देतानाच त्या देशाच्या चलनाचं नाव मोठ्याने घ्यायचं. मी आता कार्ड पुढे करतानाच "झ्लोटी, प्लीज" म्हणते.

बस स्लोव्हाकियातून जाते. सकाळी झ्लोटी, दुपारी पेट्रोल पंपावर थांबलो तिथे युरो, संध्याकाळी फोरिंट. स्लोव्हाकियात १ जानेवारी २००९ पासून युरो आहे. त्याआधीची हकीकत मावशीला फार आवडली. १९९३ च्या पहिल्या दिवशी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले, पण चलन काही आठवडे एकच राहिलं. ८ फेब्रुवारीला ते वेगळं झालं तेव्हा नव्या नोटा पुरेशा नव्हत्या, म्हणून जुन्याच नोटांवर तिकिटं चिकटवून त्या वेगळ्या ठरवल्या. एक चिकटवलेलं तिकीट, आणि तीच नोट दुसऱ्या देशाची. खिडकीबाहेर डोंगर जात होते आणि मावशी वहीच्या मागच्या पानावर अशी नोट काढून बघत होती.

सोमवार, बुडापेस्ट

इथे शून्यं डोळ्यांपुढे नाचतात. एटीएमच्या पडद्यावर आधी लाख आणि दीड लाख फोरिंटचे तयार पर्याय आले. लाख म्हणजे २५९ युरो, दीड दिवसाच्या मुक्कामासाठी फारच जास्त. 'दुसरी रक्कम' निवडून तीस हजार काढले, आणि रूपांतर नाकारलं. मावशीला मनातल्या मनात करायचा हिशेब दिला. मागची तीन शून्यं काढ आणि उरलेल्याला अडीचने गुण, जरासं वर धर. दहा हजार म्हणजे पंचवीस-सव्वीस युरो. अर्ध्या तासात ती माझ्याआधी आकडा सांगायला लागली.

फोवाम चौकातल्या मोठ्या मंडईत वरच्या मजल्यावर भरतकामाचा एक टेबलपट्टा तिला आवडला. चिठ्ठीवर दोन किमती होत्या, ७,००० फोरिंट किंवा २० युरो. मावशीचे ओठ हलले. "सात गुणिले अडीच, साडेसतरा, वर थोडं. अठरा. मग वीस का?" फोरिंट दिले. युरो घेतो असं म्हणणाऱ्या दुकानाचा दर त्याच्या सोयीचा असतो, इथे तो ३५० पडत होता. रोख बिलाचा शेवट पाचच्या पटीत का करतात हेही तिने विचारलं. एक आणि दोन फोरिंटची नाणी २००८ मध्ये बंद झाली, तेव्हापासून रोखीत तसंच गोळाबेरीज करतात.

रात्री डॅन्यूबच्या काठी बसलो तेव्हा मी तिला पेंग्योबद्दल सांगितलं, फोरिंटच्या आधीचं इथलं चलन. दुसऱ्या महायुद्धानंतर ते इतकं कोसळलं की १९४६ मध्ये एकावर वीस शून्यं एवढ्या किमतीची नोट चलनात आली. त्या वर्षी १ ऑगस्टला फोरिंट आला, तेव्हा एका फोरिंटचा भाव ठरला चारावर एकोणतीस शून्यं एवढे पेंग्यो. पगार हातात पडल्यापासून दुकानापर्यंत पोचेस्तोवर त्याची किंमत उतरायची. मावशी म्हणाली, "त्या बायकांनी घरं कशी चालवली असतील गं." आम्ही बराच वेळ तशाच बसून राहिलो.

मंगळवार, बुडापेस्ट ते व्हिएन्ना

केलेती स्टेशनवर हातात ६,४०० फोरिंट उरले होते. स्टेशनातल्या खिडकीवर युरो विकण्याचा भाव ४२५ होता. नाणी तर कुठलीच खिडकी घेत नाही, म्हणून शेवटच्या सकाळी नाणी आधी खर्चायची. आम्ही गाडीतलं खाणं आणि पाणी रोखीत घेतलं, दोन पोस्टकार्डं घेतली, उरलेलं प्रसाधनगृहाच्या काउंटरवर कामी आलं.

गाडी ऑस्ट्रियाच्या हद्दीत शिरल्यावर मावशीने वही उघडली. सात दिवसांत जिथे जिथे पैसे बदलले, प्रत्येक ओळीत मधल्या दरापासूनचं अंतर तिने युरोत लिहून ठेवलं होतं. दुकानं, एटीएम, कार्ड मिळून बेरीज सव्वा सात युरो आली. तिने ती दोनदा करून बघितली, मला तपासायला दिली, खाली रेघ ओढली.

मागच्या कप्प्यात कोमेनियसचं चित्र असलेली दोनशे कोरुनांची एक नोट निघाली, कुठेतरी घडीत राहून गेलेली. ती मी बदलून देते म्हटलं तर मावशीने हात मागे घेतला. रद्द झालेल्या त्या व्यवहाराच्या कागदाबरोबर, ११.४२ वाली वेळ वर दिसेल अशी घडी करून, तिने ती नोट वहीत पहिल्या पानाला टाचणीने लावली.